जांभळीच्या पाण्याचं पान

१

पेटी उचलली तेव्हा ती नेहमीइतकीच जड लागली, त्यामुळे उघडेपर्यंत जान्हवी कहाळेकरला कसलीच शंका आली नाही. तिने फीत सोडली, झाकण काढलं. आत कोऱ्या फुलस्केप कागदांचा गठ्ठा होता. बंडोपंत गुरुजींची वही नव्हती.

टेबलाच्या पलीकडे कुशाबा बामगुडे बसले होते. ताम्हिणीच्या अलीकडच्या एका वाडीतून एसटीने ते पौडला आले होते आणि तिथून वडापच्या जीपने विद्यापीठाच्या फाटकापर्यंत. गेल्या पंधरवड्यातली ही त्यांची तिसरी खेप. त्यांनी आधी गठ्ठ्याकडे पाहिलं, मग जान्हवीकडे.

जान्हवी या विद्यापीठाच्या ग्रंथालयात संदर्भ विभाग सांभाळायची. मूळची परभणीची, इथे सहा वर्षं झाली होती. ग्रंथालयाची आसपासच्या गावांसाठी एक योजना होती. मुळशीतल्या कुणालाही ओळखपत्र दाखवून सभासद होता यायचं, विशेष संग्रहातली जुनी कागदपत्रं वाचनकक्षात बसून बघता यायची आणि हव्या त्या पानाची सहीशिक्क्याची नक्कल मिळायची. माहितीपत्रकात या योजनेचा फोटोही होता. प्रत्यक्षात तिचा फायदा घ्यायला आलेले कुशाबा हे दुसरे की तिसरे गावकरी.

बंडोपंत गुरुजी हे १९७०च्या दशकात या भागातले प्राथमिक शिक्षक. सुट्टीच्या दिवशी पायी फिरून त्यांनी वाडी-वाडीतले पाणवठे एका वहीत नोंदवले होते. झरा कुठे, कोणत्या महिन्यात आटतो, कोणत्या घरांची माणसं पाणी भरतात, आणि शेजारी त्या लोकांच्या सह्या. गुरुजी गेल्यावर त्यांच्या मुलीने वही ग्रंथालयाला दिली. तिच्या चौसष्टाव्या पानावर कुशाबांच्या वाडीचं ‘जांभळीचं पाणी’ होतं.

दोन वर्षांपूर्वी त्या झऱ्याच्या वरची जमीन विकली गेली, प्लॉट पडले, आणि यंदा झऱ्याभोवती तारेचं कुंपण आलं. प्लॉटवाल्यांचं म्हणणं असं की, झरा आम्हीच खोदकाम करून काढला, आधी तिथे काही नव्हतं. शुक्रवारी अकरा वाजता पौडला तहसीलदारांपुढे सुनावणी होती. वाडीकडे दुसरा कागद नव्हता.

“बाई, म्या सोताच्या डोळ्यानं बघितलीया ती वही,” कुशाबा म्हणाले. “हितंच, ह्याच टेबलावर.”

जान्हवीने संगणकावर वहीची नोंद उघडली. तिथे ठळक अक्षरात लिहिलं होतं : पूर्ण स्कॅन उपलब्ध. तिला हायसं वाटलं. फाइल उघडायला चार मिनिटं लागली. आत मुखपृष्ठ होतं, मलपृष्ठ होतं आणि मधली पहिली दोन पानं. बाकी काहीच नव्हतं.

२

स्कॅनिंगचं काम अनिमेषकडे होतं. तो शांतपणे म्हणाला की, मूल्यांकन समिती येणार होती तेव्हा संग्रह शंभर टक्के स्कॅन झालेला दाखवायचा होता, म्हणून आधी सगळ्यांची मुखपृष्ठं करून घेतली, आतली पानं मग करू असं ठरलं. तो ‘मग’ दोन वर्षांत आला नव्हता. जान्हवीला त्याच्यावर ओरडावंसं वाटलं, पण समितीसाठी ‘पूर्ण स्कॅन’ची ती यादी टाइप करायला तीच बसली होती.

विशेष संग्रहाचं कपाट जया मोहोळकडे असायचं. जया पौडचीच, गेल्या वर्षी लागलेली, कामाला चोख. कपाटाच्या किल्ल्या दोन. एक जयाच्या गळ्यातल्या दोरीत, दुसरी ग्रंथपालांच्या केबिनमधल्या ड्रॉवरमध्ये. जयाने सांगितलं की, वही शेवटची पाहिली ती गेल्या गुरुवारी, पीएच.डी. करणाऱ्या अमोघने. त्यानंतर पेटी कुणी मागितली नाही. आज तिने ती उघडून न बघता तशीच टेबलावर आणून ठेवली होती.

ग्रंथपाल होते दयानंद बिराजदार. निवृत्तीला सहा महिने उरलेले. जान्हवीला हे काम त्यांनीच शिकवलं होतं; वाचक समोर उभा असताना खुर्चीत बसून उत्तर द्यायचं नाही, हेही त्यांचंच. तिने केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. कुशाबांच्या नकलेचा अर्ज त्यांच्याच टेबलावर बारा दिवस सहीसाठी पडून होता, हेही सांगितलं.

बिराजदारांनी चष्मा काढून पुसला. अर्ज राहून गेला हे त्यांनी मान्य केलं. मग म्हणाले, “त्या रजतधारेच्या एका पानासाठी केवढा गोंधळ. सापडेल वही, इथेच कुठेतरी असेल. कुलसचिवांना कळवावं लागेल.”

कळवलं ते त्यांनीच, आणि त्याचा परिणाम संध्याकाळपर्यंत दिसला. जयाचा भाऊ कैलास त्याच प्लॉटच्या साइटवर देखरेखीला होता, हे कुलसचिव कार्यालयाला कुठूनतरी समजलं. पाच वाजता जयाच्या हातात पत्र पडलं. चौकशी होईपर्यंत कामावर येऊ नये.

जयाने किल्लीची दोरी गळ्यातून काढून जान्हवीच्या हातात दिली. रडली नाही. एवढंच म्हणाली, “मॅडम, दादा तिथं नोकरी करतो. मी इथं करते. मला कुणी एक शब्द तरी विचारायचा होता.”

३

बुधवारी सकाळी जान्हवीने अमोघला गाठलं. तो ‘मुळशीतील जलस्रोत’ या विषयावर प्रबंध लिहीत होता, आणि वहीचं नाव काढताच त्याचा चेहरा उतरला. आधी म्हणाला, आठवत नाही. मग म्हणाला, परत दिली होती. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्याने खिशातला मोबाइल टेबलावर ठेवला.

विशेष संग्रहाचे फोटो काढायला बंदी होती, आणि त्याने फोटो काढले होते. जान्हवीला त्या क्षणी नियमाची पर्वा नव्हती. ती एकेक फोटो सरकवत गेली. पान एक, दोन, दहा, तीस. एकेचाळिसाव्या पानावर फोटो संपले. त्याचा अभ्यास पौडच्या बाजूच्या गावांचा होता. ताम्हिणीकडची पानं त्याला नको होती.

शेवटचा फोटो मात्र वेगळा होता. चुकून निघालेला असावा. उघडी पेटी, आत तपकिरी पुठ्ठ्याची वही, आणि झाकणाची फीत बांधायला पुढे आलेला जयाचा हात. गुरुवार, दुपारी चार एकेचाळीस.

म्हणजे वही पेटीत परत गेली होती. अमोघ सुटला. पण उरल्या दोनच किल्ल्या, आणि त्यातली एक जयाची.

फोटो कुलसचिवांना दाखवला असता तर जयाविरुद्धचा पुरावाच ठरला असता. जान्हवीने तो स्वतःकडे पाठवून घेतला आणि कुणाला सांगितलं नाही. दुपारभर तिने कपाटं उपसली. परत आलेल्या पुस्तकांच्या ट्रॉल्या, दुरुस्तीचे डबे, बाद पुस्तकांची खोकी, सगळं पाहिलं. मग ती बांधणीच्या खोलीत गेली.

तिथे भिकूमामा खुर्ची टाकून बसले होते. ग्रंथालय उघडलं तेव्हापासूनचे बाइंडर. दुरुस्तीला एखादी तपकिरी वही आली होती का, असं जान्हवीने विचारलं. मामांनी मान हलवली आणि त्यांची नेहमीची तक्रार सुरू केली. आठ महिने हाताला काम नाही. सगळी नियतकालिकं त्या कॉम्प्युटरात गेली. सरसाचं भांडं वाळून दगड झालं होतं. शनिवारी कुठे एक गठ्ठा आला, अर्थशास्त्राच्या जुन्या अंकांचा; जेवून आले तर टेबलावर ठेवलेला होता, वर चिठ्ठी लावलेली. तो त्यांनी सोमवारी बांधून तळघरात पाठवला. आता परत हात रिकामे.

जान्हवीला ते ऐकवेना. तिने घड्याळ बघितलं. सुनावणीला दोन दिवसही उरले नव्हते, आणि ती एका म्हाताऱ्या माणसाची तीच ती तक्रार ऐकत उभी होती. बरं म्हणून ती निघाली.

४

गुरुवारी कुशाबांचा फोन आला. वही सापडली का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. नाही म्हणताना जान्हवीला स्वतःचीच लाज वाटली. काहीतरी बोलायचं म्हणून तिने विचारलं की, झऱ्याचं दुसरं काही नाव कागदोपत्री कुठे आहे का, म्हणजे त्या नावाने आणखी कुठे शोधता येईल. ‘रजतधारा’ असं काही?

कुशाबांनी तिला ते नाव परत म्हणायला लावलं. मग म्हणाले, “ते त्या पलाटवाल्यांचं नाव हाय, बाई. फाटकावर बोर्ड लावलाय. वाडीत कुनी तसं म्हनत न्हाई. तुमाला कुनी सांगितलं?”

जान्हवीने फोन ठेवला. अर्जावर वहीचा क्रमांक आणि ‘पान ६४’ एवढंच लिहिलेलं होतं. गुरुजींच्या वहीत त्या नावाचा प्रश्नच नव्हता. तिने स्वतः बिराजदारांना सांगताना ‘एक झरा’ म्हटलं होतं. मग त्यांना ते नाव कुठून कळलं?

हा विचार तिला नको होता. नाव पेपरातल्या जाहिरातीतही आलं असेल, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं. पण त्याच्या मागोमाग कालची भिकूमामांची तक्रार आठवली आणि ती चालता चालता जिन्यात थांबली. ग्रंथालयाने छापील नियतकालिकं घेणं दोन वर्षांपूर्वीच बंद केलं होतं. जुने सगळे अंक तेव्हाच बांधून झाले होते; ती यादी तिनेच तपासली होती. बांधायला अर्थशास्त्राचे अंक उरले होते कुठे?

आणि ज्याने वही नेली तो ग्रंथालयातलाच माणूस असेल, तर ती फाडणार नाही, जाळणार नाही. फाटकावर प्रत्येकाची पिशवी तपासतात. बाहेर न नेता वही कायमची नाहीशी करायची असेल, तर ग्रंथालयात ती ठेवायची जागा एकच. दुसऱ्या पुस्तकाच्या पोटात.

ती मामांकडे धावत गेली. चिठ्ठी अजून कचऱ्याच्या डब्यात होती. हाताने लिहिलेली नव्हती, छापलेली होती. “अर्थशास्त्र, सहा अंक. किरमिजी कापड.”

किरमिजीच का, असं तिने विचारलं. मामांना हा प्रश्नच विचित्र वाटला. अर्थशास्त्राला किरमिजी, शेतीला हिरवं, इतिहासाला निळं, हे ठरलेलंच आहे, ते म्हणाले. तसा तक्ता होता पूर्वी भिंतीवर. रंग देताना निघाला, त्यालाही दहा वर्षं झाली.

“मग हे आता कुणाला माहीत आहे, मामा?”

“मला,” भिकूमामा म्हणाले. “आणि बिराजदारसाहेबांना. तक्ता त्यांनीच केला होता.”

५

तळघरात अर्थशास्त्राच्या रांगेत शेवटी एक किरमिजी खंड होता. शेजारच्या खंडांपेक्षा जाड, आणि त्याला अजून सरसाचा वास येत होता. बाजूने पाहिलं तर कागदांच्या कडा पांढऱ्या, मधे बोटभर पिवळट, मग परत पांढऱ्या. जान्हवीने मधोमध उघडलं. निळ्या शाईतलं गुरुजींचं ठसठशीत अक्षर तिच्यासमोर होतं.

पान चौसष्ट. ‘जांभळीचे पाणी. मे अखेरीसही आटत नाही. बारा घरे भरतात.’ तारीख १९७४ची.

पण उजव्या कडेला पान कापलेलं होतं. मामांनी नेहमीप्रमाणे खंडाच्या कडा यंत्रावर सारख्या केल्या होत्या, आणि त्या पट्टीबरोबर सह्यांची शेपटं गेली होती. ‘बामगुडे’चं ‘बामगु’ झालं होतं. कुशाबांच्या वडिलांचा अंगठा अर्धाच उरला होता. जान्हवी तिथेच फरशीवर बसली. तीन दिवसांच्या धावपळीनंतर हाती लागलं होतं ते असं.

खंड घेऊन ती केबिनमध्ये गेली आणि तो टेबलावर उघडून ठेवला.

बिराजदारांनी नाकारलं नाही. त्यांचा ‘रजतधारे’त एक प्लॉट होता. आयुष्यभराचं होतं नव्हतं ते त्यात घातलेलं. ते लातूरकडचे. लहानपणी टँकरमागे घागर घेऊन धावलेले, पाण्याच्या रांगेत आईला ढकलाढकलीत पडताना पाहिलेले. निवृत्तीनंतर दारात पाणी असलेलं घर हवं, एवढीच त्यांची इच्छा होती, आणि प्लॉटवाल्यांनी झरा तुमचाच असं लिहून दिलं होतं. कुशाबांचा अर्ज सहीला आला तेव्हा त्यांनी पेटी मागवून ते पान वाचलं आणि अर्ज तसाच ठेवून दिला. शनिवारी ड्रॉवरमधल्या किल्लीने वही काढली, पेटीत तेवढेच कोरे कागद ठेवले, आणि वहीचा पुठ्ठा सोडवून पानं अर्थशास्त्राच्या दुबार अंकांच्या मधे घालून गठ्ठा मामांच्या टेबलावर ठेवला.

“फाडायला हात धजला नाही,” ते म्हणाले. “कधीतरी कुणालातरी सापडेल असं वाटलं. उद्याची तारीख गेल्यावर.”

“आणि जया?”

त्यांनी परत चष्मा काढून पुसायला घेतला. कैलासचं नाव कुलसचिवांना सांगितलं होतं तेही त्यांनीच, हे जान्हवीला त्यावरूनच कळलं. तिला वाटलं होतं की या क्षणी आपण खूप बोलू. प्रत्यक्षात तिला फक्त दमल्यासारखं झालं. शिवाय एक अडचण उरलीच होती. नकलेवर सही फक्त ग्रंथपालाचीच चालत होती.

तिने अर्ज त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी सही केली, शिक्का मारला, आणि दुसऱ्या कागदावर, वही आपणच काढली, जयाचा त्यात संबंध नाही, असं कुलसचिवांना पत्र लिहायला घेतलं. ते पूर्ण होईपर्यंत ती तिथेच उभी राहिली.

६

शुक्रवारी पौडला सुनावणी दीड तास उशिरा सुरू झाली. नक्कल पाहताच प्लॉटवाल्यांच्या वकिलाने हरकत घेतली. सह्या अर्धवट, कडा ताज्या कापलेल्या, मूळ वहीत फेरफार झालेला आहे, असं ते ठासून सांगू लागले. मूळ वही असलेला किरमिजी खंड जान्हवीच्या हातात होता आणि त्या कापलेल्या कडांचं काय सांगावं हे तिला कळत नव्हतं. खरं सांगायला तोंड उघडलं असतं, तरी ते ऐकीव ठरलं असतं.

तेवढ्यात मागच्या बाकावरून बिराजदार उठले. ते येणार हे कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनी नाव सांगितलं, हुद्दा सांगितला, आणि वही आपणच लपवण्यासाठी बांधायला दिली, कडा त्यात कापल्या गेल्या, आत एक अक्षरही बदललेलं नाही, असं सांगून टाकलं. आपला तिथे प्लॉट आहे हेही सांगितलं. वकील खाली बसले.

तहसीलदारांनी वही दाखल करून घेतली. निकाल लगेच नव्हता. पुढची तारीख जूनची पडली. मात्र तोवर कुंपणाचं फाटक दिवसा उघडं ठेवावं आणि वाडीला पाणी भरू द्यावं, असा आदेश मिळाला. जान्हवीला ते फार थोडं वाटलं. कुशाबांनी मात्र तो कागद दोनदा वाचून घेतला आणि घडी घालून टोपीत ठेवला.

एसटी स्टँडवर तिघंही एकाच शेडखाली आले. बिराजदार लांब उभे होते. कुशाबा त्यांच्याकडे चालत गेले तेव्हा आता भांडण होणार असं वाटून जान्हवी मागोमाग गेली.

“सायब,” कुशाबा म्हणाले, “तुमी शेजारी ऱ्हायला येनार व्हता. पानी मागितलं असतं तर दिलंच असतं की आमी. वही कशापायी चोरली?”

बिराजदारांनी मान खाली घातली. मग म्हणाले, “आमच्याकडे पाणी मागून मिळायचं नाही कधी.”

ताम्हिणीकडची गाडी लागली. कुशाबा चढले, खिडकीशी बसले आणि बाहेर बघत राहिले. बिराजदार जागचे हलले नाहीत. त्यांच्याशी बोलायची जान्हवीला इच्छा नव्हती. तिने मोबाइल काढून जयाला फोन लावला.

सुनावणीचं, साहेबांच्या पत्राचं, सोमवारपासून तिला परत कामावर घेतल्याचं, सगळं जयाने ऐकून घेतलं. मग तिने विचारलं, सोमवारी येताना ओळखपत्र नवीन करावं लागेल का, कारण जुनं फाटकावर काढून घेतलंय. जान्हवी म्हणाली की, तिला माहीत नाही, पण सकाळी नऊला ती स्वतः फाटकावर येऊन थांबेल.